देव्हाऱ्यातला बिल्ला

चिंचेच्या कोळानं मी देव घासत बसले होते, तेव्हा काटकर मास्तर सोप्यातून माजघरात आले आणि परातीपाशी थबकले.

मास्तर म्हणजे माझ्या नणंदेचे, शेवंतावन्संचे यजमान. तालुक्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यांचे तेव्हा आमच्यावर मोठे उपकार होते. माझ्या दिगूचा पाय कडबा कापायच्या यंत्रात सापडला होता. पोर पाच वर्षांचं. दवाखान्यात नेईपर्यंत बैलगाडीत अंथरलेलं पिंजर रक्तानं भिजलं. डॉक्टर म्हणाले, रक्त लागणार. ह्यांचे चुलतभाऊ हणमंतभावजी फौजेतून सुट्टीवर आलेले होते, ते सगळ्यांच्या आधी बाही वर करून उभे राहिले. त्यांचं जुळलं नाही. मास्तरांचं जुळलं. पोर वाचलं. आदल्या संध्याकाळी त्याला घरी आणलं होतं आणि आता ते बाजेवर झोपलं होतं. त्या बाजेचा एक पाय तोकडा. पोर जरा वळलं की खटखट वाजायची. एरवी मला त्या आवाजाचा राग यायचा. त्या दिवशी येत नव्हता. बाज वाजली म्हणजे पोर हललं.

हे, म्हणजे माझे मालक, तेव्हा वर बर्फात होते. त्यांना अजून काही कळवलेलं नव्हतं.

परातीत खंडोबाचा टाक होता, म्हाळसेचा होता, वाडवडिलांचे दोन टाक होते. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले, घासून घासून नाकं गेलेले. आणि त्यांच्यातच ह्यांचा बिल्ला होता. फौजेतल्या प्रत्येकाच्या गळ्यात असतो तसला. माणूस पडला आणि चेहरा ओळखू येईनासा झाला, तर त्यावरून कळावं कोण होता, म्हणून. ह्यांच्या पहिल्या बिल्ल्याचं भोक झिजून तुटलं, तसाच दुसरा करून मिळाला, आणि जुना ह्यांनी सुट्टीत घरी आणला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो टाकांशेजारी मांडला. म्हणाल्या, "इतकी वर्सं लेकाच्या काळजाला लागून हुता. आता देवाला लागून ऱ्हाईल." तेव्हापासून देवांबरोबर त्यालाही रोज आंघोळ.

मी सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचायची. वर नंबर, मग नाव, मग धर्म, आणि शेवटी रक्त कुठलं ते. नंबर सरकारनं दिलेला, नाव आत्याबाईंनी ठेवलेलं, धर्म वाडवडिलांचा. रक्त तेवढं ह्यांचं स्वतःचं, असं मला ती ओळ घासताना वाटायचं.

मास्तर उकिडवे बसले आणि परातीतून बिल्ला उचलून उजेडाला धरला.

"हा जोतिरामचाच ना?"

माझं मौन होतं. हे पहिल्यांदा सरहद्दीवर गेले तेव्हापासूनचा माझा नेम आहे, सकाळी देवाचा दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही. घरात सगळ्यांना ठाऊक. उत्तर आत्याबाईंनी दिलं. "त्याचाच की. का वो?"

"एबी लिहिलंय."

"मंग?"

"दिगूचं ओ निघालं." मास्तर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "एबी बापाला ओ पोर होत नाही."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. फळ्यावर गणित चुकलेलं दिसलं की मास्तर माणूस थांबतो, तसे ते थांबले होते. पण बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं आपण काय बोललो ते, आणि त्यांनी बिल्ला हळूच परातीत ठेवला.

शेवंतावन्सं चुलीपाशी होत्या. त्या उठून आल्या. "होत न्हाई म्हंजे?"

"जाऊ दे."

"जाऊ दे कसं? सांगा की. होत न्हाई म्हंजे काय?"

मास्तरांनी सांगितलं. बापाकडून एक वाटा येतो, आईकडून एक. एबी माणसाकडे ओचा वाटाच नसतो. आई कुणीही असो.

मी खंडोबाचा टाक उलटा करून पाठ घासत होते, ती घासत राहिले.

"सगुणा," आत्याबाई म्हणाल्या, "ह्ये काय म्हणत्यात?"

मी टाक धुतला. फडक्यानं पुसला. चौरंगावर ठेवला.

"आई, गप बसलीया बगा," वन्सं म्हणाल्या. "एरवी नेम नेम म्हणून मिरवती. आज बरा उपेगी पडला नेम."

"सगुणा, मी काय इचारती?"

मी म्हाळसेचा टाक घेतला. कोळ बोटांच्या चिरांत झोंबत होता. मनात एकदा आलं, की बोलावं. देव काही म्हणाला नसता. पण इतक्या वर्षांत मी मौन मोडलं नव्हतं, दिगूच्या दुखण्यातही मोडलं नव्हतं, आणि आता ह्या बोलण्यासाठी मोडायचं, हे काही मनाला पटेना. मी कुंकू लावलं. फूल वाहिलं. बिल्ल्यालाही रोज एक बोट कुंकू असायचं. त्या दिवशी लावलं नाही. तो परातीतच राहू दिला. मग वात सरळ केली, काडी ओढली आणि दिवा लावला.

हात जोडून झाल्यावर मागं वळले.

"आता इचारा," मी म्हणाले.

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा एवढ्यात म्हातारा झाला होता. त्या वाईट बाई नव्हत्या. दिगू दवाखान्यात होता तेव्हा त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता. आता त्या बाजेकडे बघत होत्या, आणि बघून बघून मान फिरवत होत्या.

"पोर कुणाचं?"

"तुमच्या ल्योकाचं."

"बिल्ला काय सांगतुय मंग?"

"बिल्ल्याला काय इचारताय. मला इचारलंत, मी सांगितलं."

"असं तोंडानं कोण बी सांगंल," वन्सं म्हणाल्या.

आत्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चल. देवळात चल. बेलभंडारा उचल. त्याच्याम्होरं सांग, मी ऐकती. पुन्यांदा तोंडातनं सबूद काढणार न्हाई."

आमच्याकडे कज्जा तुटत नसला की असं करतात. माळावरच्या खंडोबापुढं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन बोलायचं. खोटं बोलला त्याचा वंश बुडतो म्हणतात. बेलभंडारा उचलला की वाद संपला. त्यावर गावात कुणी बोलत नाही.

"मी उचलणार न्हाई," मी म्हणाले.

वन्संनी नुसतं मास्तरांकडे बघितलं.

"का?" आत्याबाईंनी विचारलं. "खरी हाईस तर का उचलत न्हाईस?"

"रोज त्याच्याम्होरं जाती ती लेकीगत जाती. चोरागत न्यायची झाली तर मी यायची न्हाई."

"देवाला भितीस."

"भीत असती तर उचलला असता."

माझा आवाज कधी वर जात नाही. माहेरी मला मुकी म्हणायचे. आत्याबाईंना माझं बोलणं ऐकायला जवळ यावं लागायचं, त्या आताही दोन पावलं पुढं आल्या होत्या.

"मंग हितं ऱ्हायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "जोती येऊस्तवर माहेराला जा. पोर घेऊन जा, न्हाईतर ठेवून जा."

"मी जायची न्हाई. पोर बी जायचं न्हाई. पाय शिवलाय त्याचा."

मी मास्तरांकडे वळले. ते सोप्याच्या दारात जाऊन उभे राहिले होते, चष्मा काढून नुसताच पुसत होते.

"मास्तर, नियम पक्का हाय?"

"कुठला?"

"एबीला ओ होत न्हाई, ह्यो."

"सगुणाबाई, मी उगाच बोललो. मला..."

"मी रुसले न्हाई. नियम पक्का हाय का?"

"पक्का आहे."

"दवाखान्यात दिगूचं बघितलं ते चुकलं असंल?"

"नाही. दोनदा बघितलं. माझं त्याला चढवलं, ते मानवलं."

"म्हंजे नियम खरा, दिगूचं खरं, आणि मी खरी. मंग खोटं काय ऱ्हायलं?"

मास्तरांनी परातीकडे बघितलं.

"बिल्ला खोटा हाय," मी म्हणाले.

"सरकारी बिल्ला खोटा आणि ही खरी," वन्सं म्हणाल्या. "ऐका."

पण मी त्यांचं ऐकत नव्हते. बोलता बोलता माझं मलाच काहीतरी दिसलं होतं. देव घासताना मला माझ्या अब्रूची काळजी होती. आता ती कुठच्या कुठं गेली.

"मास्तर, ह्ये रक्त लिवत्यात कशापायी? बिल्ल्यावर?"

"जखमी झाला तर लगेच कळावं, कुठलं द्यायचं."

"आणि चुकीचं दिलं तर?"

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "एबीचं ओवाल्याला दिलं तर माणूस दगावतो."

"चांगला असला तरी?"

"चांगला असला तरी. तपासून देतात खरं म्हणजे. पण धुमश्चक्रीत, घाईत..."

ह्यांच्या गळ्यात आत्ता, या घटकेला, तसाच बिल्ला होता. जुन्यावरून उतरवलेला. मी रोज कुणाची पूजा करत होते.

"तार करायची," मी म्हणाले. "आजच. पुन्यांदा रक्त बघा म्हणून."

"म्हंजे जोतीला समदं कळंल," आत्याबाई म्हणाल्या.

"कळू दे."

तेवढ्यात सोप्यातून हणमंतभावजी म्हणाले, "वहिनी, तार राहू द्या."

ते कधी आले होते ते मला कळलं नव्हतं. दिगूसाठी दुधाची चरवी घेऊन आले असावेत, ती मांडीवर धरून खाली बघत बसले होते. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी मान वर केली नव्हती. मी समजत होते, आपलं रक्त पुतण्याला चाललं नाही म्हणून वाईट वाटलंय.

"भावजी," मी म्हणाले, "तुमच्या बिल्ल्यावर काय हाय?"

त्यांनी बंडीच्या आत हात घातला आणि तसाच ठेवला. "एबी."

"दोघांचं सारखं असू शकतं," मास्तर म्हणाले. "चुलतभाऊ आहेत."

"मी भावजींना इचारतीया. दोगं एकाच दिवशी भरती झालात. एकाच रांगेत हुता."

"वहिनी, मला काय इचारू नका." ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले. "माझ्या तोंडाला बेलभंडारा हाय."

"कुणी लावला?"

"तुमच्याच मालकानं."

आत्याबाईंनी वन्संचा हात धरला. मी सोप्यात गेले, भावजींच्या समोर जमिनीवर बसले आणि पदर पसरला.

"शपथ मोडल्याचं पाप हितं घाला. माझ्यापाशी पुण्य किती हाय ते मला ठाव न्हाई. हाय तेवढं गेलं तरी चालंल. पर बोला."

त्यांनी चरवी बाजूला ठेवली. मग भिंतीशी बोलावं तसं बोलायला लागले.

भरतीच्या आधी महिनाभर ह्यांना कावीळ झाली होती. नाकात औषध घालून उतरवली होती, डोळे निवळले होते, धावण्यात हे पहिले आले, छाती भरली. आणि मग रक्त घ्यायच्या रांगेत पुढच्या कुणीतरी सांगितलं, कावीळ झालेल्याचं रक्त सहा महिने पिवळं निघतं, लगेच घरी पाठवतात. घरात तेव्हा काही नव्हतं. आत्याबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होत्या.

"मी म्हणालो, जोत्या, तू मागं हो. मी दोनदा जातो. रक्त घेणारा मान वर करून बघतच न्हवता, नुसतं नाव इचारायचा. एकदा माझ्या नावानं दंड फुडं केला, म्हागनं त्याच्या नावानं दुसरा. झालं. घरी आलो तसं जोत्यानं देवळात न्हेलं. मेलो तरी कुणाला सांगायचं न्हाई म्हणाला. आमाला वाटलं, रक्त काय, समद्यांचं लालच असतंय. फुडं पलटणीत कळलं, तसं नसतंय म्हणून. तवर शपथ झालती."

"आणि दवाखान्यात?" मास्तर म्हणाले. "तिथं तुझं एबी निघालं तेव्हा?"

"तवा समदंच कळलं," भावजी म्हणाले. "आज तुमी बिल्ला उचललासा ते बी मी हितनं बघितलं."

"आणि बसून राहिलास."

भावजींनी चरवी पुन्हा मांडीवर घेतली.

आत्याबाई उठल्या आणि सरळ बाजेपाशी गेल्या. दिगूच्या कपाळावरून हात फिरवला, आपल्या कानशिलावर बोटं मोडली. रडत होत्या. बाज खटखट वाजली. मग माझ्यापाशी आल्या आणि माझ्या हनुवटीला हात लावला.

"माझं चुकलं, बाई. तोंड जळो माझं. मिटलं आता. ह्या चार भिंतींच्या भाईर काय जायचं न्हाई. शेवंता, ऐकलंस? मास्तर, तुमी बी."

"मास्तर, कागद काढा," मी म्हणाले.

"कशाला कागद?"

"तार लिवायची हाय."

आत्याबाईंचा हात माझ्या हनुवटीवरून खाली आला. "अगं, आता कशाची तार? तुझ्यावरचा आळ गेला की."

"माझ्यावरचा गेला. त्यांच्या गळ्यातला हाय तसाच हाय."

"नोकरी जाईल," भावजी म्हणाले. "वहिनी, पाया पडतो. फसवून भरती झाला म्हणतील. त्याची जाईल, माझी बी जाईल. मी परत गेलो की त्याला सांगतो, तो आपला गुपचूप..."

"इतकी वर्सं सांगितलंत?"

त्यांनी बंडीतला बिल्ला मुठीत धरला.

"तुमची सुट्टी अजून पंधरवडा हाय," मी म्हणाले. "गोळी थांबंल का तवर?"

"दोन घरं बसतील," आत्याबाई म्हणाल्या. "माझं हात खुरपून सोललं तवा तो भरती झाला. तू आयत्या घरात आलीस. तुला काय म्हाईत?"

"मी बी खुरपीन."

"गाव थुकंल तोंडावर."

"सकाळी तुमीच थुकलासा की. पुसलं मी."

ते शब्द माझ्या तोंडून गेले ते गेले. आत्याबाई जाऊन उंबऱ्यावर बसल्या, दोन्ही हात चौकटीला लावून.

"माझ्या अंगावरनं जा," त्या म्हणाल्या.

मी आत गेले. परातीतला बिल्ला काढला, कोरडा केला, आणि देव्हाऱ्यात न ठेवता काड्यापेटीच्या कोनाड्यात ठेवला. लुगड्याचा पदर नीट केला. बाहेर येऊन आत्याबाईंच्या पायांना हात लावून नमस्कार केला. त्यांना वाटलं मी माघार घेतली, त्यांनी डोक्यावर हातही ठेवला. मग मी वळले आणि मागच्या दारानं गोठ्यातून बाहेर पडले.

ओढ्यापाशी मागून मास्तरांची हाक आली. छत्री काखेत धरून ते पळत येत होते.

"वन्सं काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"गेलात तर माझं तोंड बघू नका म्हणाली." ते धापा टाकत होते. "नियम मी सांगितला. आता त्याच्या मागं मलाच चालायला पाहिजे."

पोस्टात मास्तरांनी तार लिहिली. मी सांगायची, ते इंग्रजीत करायचे. बिल्ल्यावरचं रक्त चुकीचं आहे, पुन्हा तपासावं, लगेच तपासावं.

"पाठवायची जोतिरामच्या नावानं ना?"

"न्हाई. पलटणीच्या सायबांच्या नावानं. ह्यांना गेली तर ह्ये फाडून टाकतील."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि तसं लिहिलं. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पाठवणार कोण? नाव?"

मास्तर तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, "सगुणा जोतिराम फडतरे." ह्यांचं नाव मी चारचौघांत तोंडानं घेतलं ते तेव्हा पहिल्यांदा. उखाणा नव्हता काही नव्हतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते काय सांगायचं. आत्याबाई माझ्या हातचं जेवेनात. स्वतःची भाकरी स्वतः थापायच्या. भावजी सुट्टी संपायच्या आधीच निघून गेले, जाताना बोलले नाहीत. ह्यांचं पत्र येईना. मी बिल्ला कोनाड्यात ठेवला होता, तो आत्याबाई संध्याकाळी पुन्हा देव्हाऱ्यात मांडायच्या. मी सकाळी देव घासायला काढले की तो पुन्हा कोनाड्यात. त्या ठेवायच्या, मी काढायची.

चैत्रात हे आले.

पहाटेच्या एसटीनं आले. मी परात घेऊन बसले होते, दिवा लागायचा होता. उंबऱ्यात ट्रंक ठेवल्याचा आवाज आला आणि मी मान वर केली. बाहीवर हुद्द्याच्या दोन फिती असायच्या, तिथं कापडाचा रंग तेवढा गडद राहिला होता.

मला बोलता येत नव्हतं. त्यांना ते ठाऊक होतं. मला वाटतं, म्हणूनच त्यांनी तेव्हा बोलायला सुरुवात केली.

"फिती गेल्या," ते म्हणाले. "नोकरी ऱ्हायली. सायब म्हणाला, धा वर्सं चांगली केली म्हणून ठेवतो. हणम्याला बी ठेवला. पर समद्या पलटणीम्होरं उभं केलं आमाला. रक्त द्यायला भ्यालास, गोळीला काय करशील म्हणाला. पोरं अजून दंड फुडं करून दावत्यात."

मी टाक पुसत होते.

"पोरगं मरता मरता वाचलं ते मला सायबाकडनं कळलं. माझ्या घरातलं मला सायबाकडनं कळलं."

आत्याबाई पदर तोंडाला लावून दाराआड उभ्या होत्या.

"आईनं बेलभंडारा उचल म्हणलं, तर उचलला न्हाईस. हणम्यानं सांगितलं मला. का न्हाई उचललास? तू खरी हुतीस. उचलला असतास तर आई गप झाली असती. घरातलं घरात ऱ्हायलं असतं. एवढं तुला करता आलं न्हाई?"

मी कुंकू लावलं. फूल वाहिलं. काडी ओढली, पहिली विझली, दुसरी ओढली. दिवा लागला. हात जोडले आणि वळले.

"उचलला असता तर मी खरी ठरले असते," मी म्हणाले, "आणि बिल्ला बी खराच ऱ्हायला असता. कुणी पुन्यांदा बघितलं नसतं."

त्यांचा हात गळ्यापाशी गेला.

"बघू नवा," मी म्हणाले.

त्यांनी सदऱ्याच्या आतून साखळी काढली. मी दिव्यापाशी धरून वाचलं. नंबर तोच, नाव तेच, धर्म तोच. खाली ओ. दिगूचं तेच.

हे घरी आले की गळ्यातला बिल्ला काढून सुट्टीपुरता देवापाशी ठेवायची रीत होती. आत्याबाईंनी दाराआडून येऊन सवयीनं हात पुढं केला. मी बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला नाही. ह्यांच्या गळ्यात माझ्या हातानं परत घातला.

"ह्यो देवात न्हाई ठेवायचा," मी म्हणाले. "गळ्यातच ऱ्हाऊ दे."

तो बिल्ला पुढं कधी कामाला आला का, असं सुना विचारतात. आला नाही. हे पेन्शनीत आले तेव्हा त्यावरचं ओचं गोल कडं जसंच्या तसं होतं, एक ओरखडा नव्हता.

त्या सकाळी ह्यांनी आधी बूट काढले. बाजेवर दिगू झोपला होता, पायावरचा वण लाल होता, तो वाकून बघितला. पोरानं झोपेत पाय ओढून घेतला आणि बाज खटखट वाजली.

हे इकडंतिकडं बघायला लागले. कोनाड्यापाशी गेले. काड्यापेटीशेजारचा जुना बिल्ला उचलला, अंगठ्यानं शेवटची ओळ चाचपली. मला वाटलं देव्हाऱ्यात ठेवतात. आत्याबाईंनाही तसंच वाटलं असावं, त्या बाजूला सरकल्या. पण हे बाजेपाशी खाली बसले, तोकडा पाय एका हातानं उचलला, आणि नंबर, नाव सगळं असलेला तो बिल्ला त्या पायाखाली सरकवला.

"अरं, देवातला जिन्नस," आत्याबाई म्हणाल्या.

"देवातला न्हवं तो," हे म्हणाले. "हणम्याचा हाय."

दिगू कुशीवर वळला. बाज वाजली नाही. मी चुलीकडे जाऊन आधण ठेवलं, आणि मागून आत्याबाईंचा आवाज आला, मला ऐकू येईल एवढाच.

"भाकरी माझी बी टाक."